ऊसकरी आणि पैशाची वेळ

नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी इ. स. 1885 च्या सुमारास आलें, तेव्हांपासून बारामती-इंदापूरकडे ऊस वाढत गेला. आडसाली लागण सुमारें दीड वर्ष शेतांत उभी राहते. पैसा एकदम येतो, खर्च मात्र नित्याचा. या अवधींत जाणता बागाईतदारही जबर व्याजाचें कर्ज उचलतो, तेव्हां त्यास उधळ्या म्हणण्याची चाल आहे. ती आम्हांस अन्यायाची वाटते.

तामिळनाडूंतील 464 ऊसकऱ्यांच्या बुद्धीची परीक्षा तोडणीपूर्वीं व तोडणीनंतर घेण्यांत आली. तिचा वृत्तांत 2013 सालीं प्रसिद्ध झाला. माणसें तींच, पण ओढगस्तींत त्यांचें चित्त चुकत होतें, व पैसा हातीं आल्यावर ताळ्यावर आलें. केनियांत सुगी उरकतांच खताचे पैसे आगाऊ घेऊन तें घरपोंच देण्याची सोय केली, तेव्हां खत घालणारे वाढले.

खोडव्यास चार महिन्यांनीं द्यावयाच्या खताची रक्कम, बिल जमा होईल त्याच आठवड्यांत दुकानीं भरून पावती घ्यावी. घरांत रोकड असल्याचें पाहुण्यांस कसें कळतें कोण जाणे. पावती मात्र कोणी उसनी मागत नाहीं.