हाताच्या भरवशावर

मोसंबीएवढा गोळा, पण वजन ६.२ किलो. प्लुटोनियमचा, वरून निकेलचा मुलामा. न्यू मेक्सिकोतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत १९४५ साली तो जपानवर टाकायच्या तिसऱ्या बॉम्बसाठी तयार होत होता. जपानने शरणागती पत्करली आणि गोळा प्रयोगांसाठी मागे राहिला. नऊ महिन्यांच्या अंतराने त्याने दोन शास्त्रज्ञांचा जीव घेतला. पुढे त्याला ‘डीमन कोअर’ म्हणू लागले. गोळ्यावर हा अन्यायच आहे. दोष होता तो त्याच्याशी खेळण्याच्या रीतीत.

प्लुटोनियमचा अणू फुटला की न्यूट्रॉन सुटतात. गोळा लहान असला तर बरेचसे न्यूट्रॉन बाहेर निसटतात आणि साखळी अभिक्रिया टिकत नाही. पण भोवती त्यांना परत आत ढकलणारं आवरण घातलं, की तोच गोळा पेटण्याच्या काठावर येतो. हा काठ नेमका कुठे, हे बॉम्ब बनवणाऱ्यांना हवं होतं. ते तपासलं जायचं हातांनी.

२१ ऑगस्ट १९४५च्या रात्री चोवीस वर्षांचा हॅरी डॅघलियन नियम मोडून एकटाच कामाला बसला. खोलीत पहाऱ्याचा शिपाई होता, एवढंच. गोळ्याभोवती टंगस्टन कार्बाइडच्या विटा रचत असताना मापक यंत्राने धोका दाखवला. त्याने हातातली वीट मागे घेतली, पण ती निसटून नेमकी गोळ्यावर पडली. निळा प्रकाश चमकला. डॅघलियनने वीट बाजूला ढकलली, रचलेल्या विटाही उपसल्या. पंचविसाव्या दिवशी तो गेला.

यानंतर नियम बदलले. किमान दोन माणसं हवीत, ऐकू येईल असा इशारा देणारी दोन मापकं हवीत. माणसाला दूर ठेवून प्रयोग करता येईल का, याचीही चर्चा झाली. यंत्र मात्र यायचं होतं.

कॅनडाचा लुई स्लॉटिन या कामातला निष्णात. ‘ट्रिनिटी’ या पहिल्या अणुचाचणीतल्या बॉम्बचा गाभा जोडणाऱ्यांत तो होता. २१ मे १९४६ रोजी तो सहकारी अल्विन ग्रेव्ह्जला हाच प्रयोग दाखवत होता. खोलीत आणखी सहा जण. आवरण या वेळी बेरिलियमच्या दोन अर्धगोलांचं. ते पूर्ण मिटू नयेत म्हणून मध्ये ठेवायचे तुकडे स्लॉटिनने काढून टाकले होते. डाव्या अंगठ्याने वरचा अर्धगोल धरलेला, आणि फटीत उजव्या हातातला स्क्रूड्रायव्हर. भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मीने बजावलं होतं म्हणतात, असंच चालू ठेवलंत तर वर्षभरात मराल.

स्क्रूड्रायव्हर घसरला. निळा झोत, उष्णतेची लाट. स्लॉटिनने वरचा अर्धगोल झटक्यात खाली फेकला आणि अभिक्रिया थांबली. मग कोण कुठे उभं होतं याचा त्याने आराखडा काढला, म्हणजे कुणाला किती किरणोत्सर्ग बसला याचा हिशोब लागेल. मरणाऱ्याने मागे उरणाऱ्यांसाठी केलेलं हे काम मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोठं वाटतं. स्लॉटिन ३० मे रोजी वारला. बाकी सातही जण त्यातून वाचले.

त्यानंतर मात्र हाताने प्रयोग करणं बंद झालं. माणसं सुमारे चारशे मीटर दूर बसून यंत्र चालवू लागली. डीमन कोअर वितळवून त्याचा प्लुटोनियम इतर गाभ्यांत वापरला गेला.

तरीही ३० डिसेंबर १९५८ला लॉस अलामोसमध्येच सेसिल केली हा कर्मचारी असाच गेला. ते प्रयोगाचं टेबल नव्हतं, प्लुटोनियम परत मिळवण्याची टाकी होती. तिच्यात अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त प्लुटोनियम साठला होता. केलीने ढवळणी सुरू केली, द्रवाचा आकार बदलला आणि तेवढ्यानेच अभिक्रिया पेटली. पस्तीस तासांनी त्याचा मृत्यू झाला.