मोटारीचा ताप

मोटारीला ताप येतो असे म्हटले, की आमच्या घरातली मुले हसतात. पण 2014 च्या भाऊबीजेला आमच्या फियाटला जो ताप चढला, त्याची खूण माझ्या उजव्या मनगटावर अजून आहे.

ही फियाट 1100 वडिलांनी 1966 साली घेतली. त्या काळी मोटारीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. त्यामुळे गाडी दारात आली, तेव्हा आईने तिला नव्या सुनेसारखे ओवाळले होते. पुढे वडील गेले, गाडी राहिली. त्या दिवाळीत आई म्हणाली, "दादा आता थकलाय. यंदा पुण्याला ह्यांच्याच गाडीने जायचं." आई 81 वर्षांची, मामा 85 वर्षांचे. मी नाही कशाला म्हणतो?

खोपोली सोडून बोरघाट चढू लागलो आणि शिंग्रोबाच्या देवळाच्या अलीकडेच बॉनेटमधून वाफ निघाली. गाडी कडेला घेतली आणि शहाणपणाचे सोंग आणून एक घोर मूर्खपणा केला. रेडिएटरच्या झाकणावर फडके टाकले आणि ते फिरवले! उकळते पाणी उसळून थेट मनगटावर आले.

मी विव्हळत म्हणत होतो, "बरोबरचं पाणी रेडिएटरमध्ये ओता." आईने मात्र सगळे पाणी माझ्या हातावर हळूहळू ओतले. "गाडीचं राहू दे. आधी हात धर इकडे!" तिचेच बरोबर होते. भाजल्यावर पहिला उपचार गार पाण्याचाच. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतले असते, तर कदाचित ते तडकले असते. गाडी ओढून खोपोलीला नेली. भाड्याच्या मोटारीने पुण्याला पोहोचलो, तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. मामा न जेवता बसून होते. आईने ओवाळले, पण निरांजनाचे तबक तिच्या हातात थरथरत होते. ते मला भाजलेल्या हातापेक्षा जास्त लागले.

मुंबईत आल्यावर एक म्हातारे मिस्त्री गाठले. त्यांचे आयुष्य टॅक्सीच्या फियाट दुरुस्त करण्यात गेले होते. त्यांनी खालचा नळ सोडला, तर गेरूच्या चिखलासारखे पाणी आले. "साहेब, यात पाणी कुठलं घालता?" मी म्हणालो, "सोसायटीच्या बोअरचं." ते हसले. "चहाच्या भांड्याला पांढरा थर धरतो ना? तोच आत धरलाय."

मग त्यांनी मला समजावले, ते असे. पेट्रोल जळून जी उष्णता होते, तिचा थोडाच हिस्सा चाके फिरवण्याच्या कामी येतो. बाकीची बरीचशी धुराबरोबर जाते आणि उरलेली पाण्याने वाहून न्यायची असते. पंप पाणी फिरवतो, रेडिएटरच्या बारीक नळ्यांत ते वाऱ्याने निवते आणि परत इंजिनात येते. नळ्या क्षाराने आणि गंजाने बुजल्या, की घाटात, जिथे इंजिन राबते जास्त आणि वारा मिळतो कमी, तिथे पाणी उकळणारच. त्यात उंचीचा हिशेब निराळा. समुद्रकाठी पाणी 100 अंशांवर उकळते, खंडाळ्याला साधारण 98 वरच! म्हणून झाकण दाबाचे असते. दर चौरस इंचाला 7 पौंडांचा दाब धरणारे झाकण असेल, तर पाणी 111 अंशांच्या आसपास उकळते. आणि म्हणूनच ते गरम असताना उघडायचे नसते. दाब सुटताच आतले पाणी एकदम उकळून बाहेर येते.

आमच्या इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे. तापून ते किंचित वाकले होते. ते घासून सपाट करून घ्यावे लागले, गॅस्केट नवे घातले. रेडिएटर खोलून नळ्यांतून सळ्या फिरवल्या आणि एका गळतीला डाख दिला. एका गॅरेजवाल्याने पूर्वी थर्मोस्टॅट काढूनच टाकला होता, "म्हणजे गाडी गार राहते" म्हणून. मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. इंजिन फार थंड राहिले, तर पेट्रोल जास्त जाते आणि झीजही वाढते. नवा थर्मोस्टॅट त्यांनी आमच्याच चहाच्या पातेल्यात टाकला आणि पाणी तापवत ठेवले. सुमारे 80 अंशांना त्याचे तोंड उघडताना पाहून सौभाग्यवतींनाही कौतुक वाटले; पातेले मात्र त्यांनी परत घेतले नाही.

जुनी गाडी सांभाळणाऱ्या वाचकांसाठी माझे पथ्यपाणी सांगतो. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहावा. साधारण अर्धा इंच दबला पाहिजे. रबरी नळ्या गाडी गार असताना चेपून पाहाव्यात. भेगाळलेली, चिकट किंवा फुगलेली नळी बदलावी. पंपाखाली थेंब दिसले किंवा पंखा हाताला डुगडुगला, तर पंप खोलावा. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली किंवा रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे आले, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. बोअरचे पाणी वर्ज्य; डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मे निम्मे घालावे आणि ठरल्या मुदतीने बदलावे. हे कूलंट चवीला गोड पण विषारी असते. मुले आणि मांजरे यांपासून दूर ठेवावे. आणि वाटेत गाडी तापलीच, तर इंजिन बंद करून निदान अर्धा तास गप्प बसावे. हे शेवटचे सर्वांत अवघड!

2015 ची भाऊबीज आली. जादा बसवून घेतलेल्या तापमापकावर माझा एक डोळा होता. शिंग्रोबापाशी आईने नाणे टाकले, गाडी खंडाळ्याला पोहोचली, काटा जागचा हलला नाही. दहाच्या सुमारास आम्ही मामांच्या दारात होतो. मामा काठी टेकत खाली आले, बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "भाऊजींची गाडी आली!" ती मामांची शेवटची भाऊबीज.

फियाटची काळीपिवळी टॅक्सीही 2023 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. आमची फियाट अजून आहे. चिरंजीव म्हणतात, "बाबा, विकून टाका." दर रविवारी मी तिचे पाणी पाहतो. गेल्या रविवारी पाहतो तो चिरंजीवच बॉनेट उघडून उभे! मी लांबूनच ओरडलो, "अरे, गरम आहे का? झाकण उघडू नकोस!"

तो हसला. "सकाळपासून उभी आहे बाबा, गार आहे. हाताची खूण रोज पाहतोय तुमच्या."