प्रथिनांच्या विलगीकरणासाठी आयन-विनिमय क्रोमॅटोग्राफी : अनुकूलतम परिस्थितीचा विचार

मिश्रणातून एखादे प्रथिन वेगळे काढताना त्याची सक्रियता टिकविणे ही खरी कसोटी असते. उष्णता किंवा तीव्र आम्ल वापरून नको असलेली प्रथिने दूर करता येतात. परंतु त्यात हवे असलेले विकरही नष्ट होण्याचा धोका असतो. इ. स. १९५६ मध्ये पीटरसन व सोबर यांनी सेल्युलोजवर आधारित आयन-विनिमयके प्रसिद्ध केल्यानंतर हे काम सौम्य परिस्थितीत करणे सुलभ झाले.

ज्या सामूला प्रथिनावरील निव्वळ विद्युतभार शून्य होतो, तो त्याचा समविद्युत बिंदू होय. त्याहून कमी सामूला प्रथिन धनभारित, तर अधिक सामूला ऋणभारित असते. म्हणून सामूची निवड प्रथम करावी. क्षाराची तीव्रता व प्रवाहाचा वेग हे विचार त्यानंतरचे. प्रत्यक्षात मात्र पुष्कळदा मिठाचे प्रमाण बदलत बसण्यातच वेळ जातो.

कोंबडीच्या अंड्यातील पांढऱ्या भागाचे उदाहरण येथे उपयुक्त ठरते. त्यातील निम्मी प्रथिने ओव्हल्ब्युमिन या एकाच प्रकारची असतात, तर लायसोझाइम जेमतेम साडेतीन टक्के. ओव्हल्ब्युमिनचा समविद्युत बिंदू सुमारे ४.५, ओव्होट्रान्सफेरिनचा सुमारे ६ आणि लायसोझाइमचा ११ च्या जवळपास आहे. सामू ८ ठेवल्यास लायसोझाइम व अत्यल्प अ‍ॅव्हिडिन धनभारित राहून ऋणभारित सी.एम.-सेल्युलोजला चिकटतात, इतर बहुतेक प्रथिने वाहून जातात. सामू ५ घेतल्यास ओव्होट्रान्सफेरिनही चिकटून जागा अडविते. १० च्या पुढे लायसोझाइमची पकडच सैल होते. या विनिमयकासाठी फॉस्फेट बफर योग्य, कारण ट्रिसचे धनायन स्वतःच विनिमयात भाग घेतात. नमुना आधी विरल करून गाळणे आवश्यक असते; अन्यथा चिकट ओव्होम्युसिनमुळे स्तंभ तुंबतो.

त्यानंतर सोडियम क्लोराइडची तीव्रता क्रमाक्रमाने वाढविली की लायसोझाइम सुटते. वाढ जितकी संथ, तितके पृथक्करण चांगले. पण प्रथिनही तितकेच विरल मिळते. येथे स्तंभावर मुख्य प्रथिन एकच असल्याने, योग्य तीव्रता एकदा कळल्यावर ते एकाच टप्प्यात काढणे सोयीचे.

२८० नॅनोमीटरला उंच शिखर मिळाले म्हणजे काम साधले, असे नव्हे. मायक्रोकॉकस जिवाणूंच्या निलंबनाची गढूळता किती वेगाने घटते, यावरून प्रत्येक अंशाची सक्रियता मोजावी. वाहून गेलेल्या द्रवात ती आढळल्यास स्तंभावर नमुना जास्त पडला किंवा त्यात क्षार शिल्लक होता, असा संशय घ्यावा. कोठेच न आढळल्यास प्रथिन स्तंभातच अडकले आहे किंवा निष्क्रिय झाले आहे.