गाडीचे शॉकअप : घरी काय करावे, कोठे थांबावे

ज्यांचे बालपण तापीकाठी गेले, त्यांना बैलगाडीचा प्रवास सांगावयास नको. त्या गाडीस स्प्रिंग नव्हती. रस्त्यातील प्रत्येक खळगा बसणाराच्या हाडांपर्यंत जसाच्या तसा पोहोचे, आणि गाडीत कडबा पसरून त्यावर गोधडी घालणे हाच काय तो उपाय असे. पुढे टांगे आले. त्यांना पोलादी पाटे होते. मग मोटार आली आणि प्रवास इतका सुखाचा झाला की हे सुख कोठून येते याचा विचार करण्याचेही कारण उरले नाही.

आज बऱ्हाणपूर, खंडवा, इंदूर, देवास येथील पुष्कळ मराठी घरांच्या दाराशी एक लहानशी मोटार उभी असते. सुट्टी लागली की तीच गाडी रावेर, जळगाव, मुक्ताईनगर, शेगाव अशी सोयऱ्याधायऱ्यांची आणि देवदर्शनाची वाट धरते. मागच्या आसनावर आजी-आजोबा आणि मुले असतात. गाडीचा रंग, आसनांची खोळ, थंड हवेचे यंत्र यांची आपण काळजी घेतो. परंतु चाकाच्या आड दडलेल्या शॉकअपकडे कोणाचे लक्ष जात नाही. याचे कारण असे की हा भाग एका दिवसात बिघडत नाही. तो महिन्या-महिन्याने, थेंबाथेंबाने निकामी होतो आणि आपले शरीर त्या बदलास सरावत जाते. रस्ता फार खराब झाला, असे आपण म्हणतो. खराब झालेली असते गाडी.

या भागाचे नावच मुळी फसवे आहे. ‘शॉक ॲब्सॉर्बर’ म्हणजे धक्का शोषून घेणारा. मिस्त्रीमंडळींनी त्याचे ‘शॉकअप’ केले आणि तोच शब्द रूढ झाला. वस्तुतः धक्का झेलण्याचे काम स्प्रिंग करते. खड्ड्यावर चाक उसळले की स्प्रिंग दबते आणि साठविलेली शक्ती परत फेकते. त्यामुळे गाडी वरखाली डोलू लागते. हे डोलणे थांबविणे हे शॉकअपचे काम होय. शास्त्रीय परिभाषेतील ‘अवमंदन’ हा शब्द येथे अगदी चपखल बसतो. शॉकअपच्या नळीत तेल असते आणि त्या तेलातून दट्ट्या सरकतो. दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून तेलास जावे लागते, ते सहजी जात नाही, आणि डोलण्याची शक्ती उष्णतेत रूपांतरित होऊन विरून जाते.

शाळेच्या प्रयोगशाळेत हे विद्यार्थ्यांना दाखविणे फार सोपे असते. एका स्प्रिंगला वजन टांगून ते खाली ओढून सोडावे. हवेत ते कितीतरी वेळ वरखाली होत राहते. तेच वजन एरंडेलाच्या बरणीत बुडवून सोडले, तर एक-दोन हेलकाव्यांतच ते गप्प होते. बरणीतील एरंडेल काढून घेतल्यावर जी स्थिती, तीच शॉकअपमधील तेल गळून गेलेल्या गाडीची.

जुन्या गाड्या जाणणारे वाचक येथे विचारतील की, ॲम्बॅसडर आणि पद्मिनी वर्षानुवर्षे मोडक्या शॉकअपवर धावल्या, त्यांचे काय बिघडले? शंका योग्य आहे आणि तिचे उत्तरही आहे. त्या दोन्ही गाड्यांच्या मागील बाजूस पाटे होते. एकावर एक रचलेले पाटे वाकताना परस्परांवर घासतात, आणि ते घर्षणच डोलण्यास थोडाफार लगाम घालते. मारुती ८०० ही गाडी डिसेंबर १९८३ मध्ये आली. तिच्या पुढच्या चाकांना स्ट्रट होते आणि नंतरच्या आवृत्त्यांत मागेही वेटोळ्याच्या स्प्रिंगा आल्या. वेटोळ्याच्या स्प्रिंगेत घर्षण जवळजवळ नसते. म्हणून तिचा सारा संयम शॉकअपवर अवलंबून असतो. पद्मिनीचे उत्पादन या शतकाच्या आरंभी थांबले, ॲम्बॅसडर आणि मारुती ८०० यांचे २०१४ मध्ये. त्यांची जागा घेणाऱ्या लहान गाड्या बहुतांशी मारुतीच्याच वळणाच्या आहेत. म्हणून जुन्या गाडीवरची बेफिकिरी नव्या गाडीस परवडणारी नाही.

त्यात आपला मुलूख काळ्या मातीचा. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर बांधलेला रस्ता वरून गुळगुळीत दिसला तरी त्यास लाटा पडतात. केळीने लादलेले ट्रक आणि ट्रॉल्या त्या लाटा अधिक खोल करतात. अशा रस्त्यावर शॉकअपला क्षणाचीही उसंत मिळत नाही. काही उत्पादक सुमारे ८०,००० किलोमीटरनंतर शॉकअप बदलण्याची शिफारस करतात; आपल्याकडे त्याच्या निम्म्या अंतरापासूनच तपासणी सुरू केलेली बरी.

या तपासणीस कोणतेही यंत्र लागत नाही. गाडीचा एक कोपरा दोन्ही हातांनी जोराने दाबून सोडावा. गाडी वर येऊन स्थिरावली तर ठीक. दोनदा-तीनदा डोलली तर त्या कोपऱ्याचा शॉकअप संपला असे समजावे. मात्र ही परीक्षा उत्तीर्ण झालेला शॉकअप निर्दोषच असतो असे नाही, म्हणून इतर खुणाही पाहाव्यात. शॉकअपच्या नळीवर तेलाचा पुसटसा ओलावा चालतो. ओघळ आणि त्यास चिकटलेली धूळ दिसली तर तेल गळते आहे. टायरवरून तळहात फिरवावा. ठरावीक अंतराने खळगे लागले, तर चाक रस्त्यावर टेकून न धावता उड्या मारीत धावते आहे. ब्रेक दाबताच गाडीचे तोंड फार खाली जाणे, वळणावर ती अधिक कलणे, खड्ड्यात ‘टक’ असा आवाज येणे, हीही लक्षणे होत.

उड्या मारणारे चाक ही केवळ गैरसोय नव्हे. ब्रेक गाडी थांबवितो तो टायर आणि रस्ता यांच्या स्पर्शाच्या बळावर. चाक जितका वेळ अधांतरी, तितका वेळ ब्रेक व्यर्थ. बऱ्हाणपुराहून खंडव्याकडे जाताना असीरगडाच्या पायथ्याशी सातपुड्याची वळणे लागतात. समोरून लादलेला ट्रक येतो आणि पुढे एखादे गुरू रस्त्यात उभे असते. तेव्हा चार-सहा हातांचे अंतर हे सुखाचे अंतर राहत नाही, ते प्राणाचे अंतर होते.

आता घरच्या दुरुस्तीकडे वळू. हाताने काम करण्याची हौस असलेल्या गृहस्थास ज्या गाडीत मागील शॉकअप स्प्रिंगहून वेगळा बसविलेला आहे, तेथे तो बदलणे अशक्य नाही. स्प्रिंग आणि शॉकअप एकातच असतील, तर मात्र हे काम आपले नव्हे. आपली रचना कोणती, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहावे किंवा ओळखीच्या मिस्त्रीस विचारावे.

जागा सपाट आणि कठीण हवी. मातीच्या अंगणात जॅक रुततो. त्याखाली जाड सागवानी फळी घालावी. येथे एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. हातब्रेक सामान्यतः मागच्या चाकांवर चालतो, आणि आपण उचलणार मागचीच चाके. म्हणजे गाडी उचलताच हातब्रेक निरुपयोगी झाला. पुढची चाके चालविणाऱ्या गाडीत पहिला गिअर टाकून ठेवला तर थोडा आधार मिळतो. ॲम्बॅसडरसारख्या मागच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीत तोही नाही. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावल्यावाचून जॅकला हात लावू नये.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच किंचित सैल करावेत. गाडी उचलल्यावर पुस्तिकेत दाखविलेल्या जागी भक्कम लोखंडी घोड्या लावाव्यात आणि भार त्यांच्यावर सोडावा. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली माणसाने डोकेच काय, हातही घालू नये. विटांची चवड घोडीचे काम करीत नाही. वीट भाराखाली न सांगता फुटते.

चाक काढल्यावर मागच्या ॲक्सलला दुसऱ्या जॅकने आधार द्यावा. ॲक्सल फार खाली लोंबू नये म्हणून बहुधा शॉकअपच त्यास रोखून धरीत असतो. तो काढताच ॲक्सल खाली आला तर स्प्रिंग निसटते आणि ब्रेकच्या नळीस ताण बसतो. मग खालचा बोल्ट आणि वरचा नट सोडवावा. गंजलेले असतील तर आदल्या रात्री गंज सोडविणारे तेल टाकून ठेवावे. जुन्या शॉकअपला ज्योत लावू नये आणि त्यास भोकही पाडू नये. पुष्कळ शॉकअपमध्ये दाबाखाली वायू भरलेला असतो.

नवा शॉकअप बिलासह घ्यावा आणि एका बाजूचा एकटा न घेता जोडी घ्यावी. अन्यथा एक चाक शांत आणि दुसरे उनाड, अशी गाडी वळणावर दगा देते. गॅब्रिएल इंडिया ही १९६१ पासून शॉकअप बनविणारी कंपनी. तिचा एक कारखाना आपल्या देवासला आहे, तेव्हा चांगला माल मिळणे आपल्याकडे दुर्घट नाही. साधा तेलाचा शॉकअप दुकानात आडवा पडून राहिला असेल, तर नळीत हवा शिरलेली असते. बसविण्यापूर्वी तो उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण ताणावा आणि दाबावा. त्याची चकचकीत दांडी पकडीने धरू नये. तिच्यावर ओरखडा पडला की तेल अडविणारे सील लवकरच फाटते. रबरी बुशांचे बोल्ट आरंभी हलकेच लावावेत आणि गाडी चाकांवर उतरविल्यावर पूर्ण आवळावेत. अधांतरी आवळलेले बुश गाडी खाली येताच पिळवटतात आणि अकाली फाटतात. चाकाचे नट पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत.

येथवर घरचे काम. पुढच्या चाकांकडे मात्र सीमारेषा आखलेली आहे आणि ती ओलांडू नये, हेच या लेखाचे मुख्य सांगणे आहे.

पुढे असतो तो स्ट्रट. दुसऱ्या महायुद्धानंतर अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याने ही रचना विकसित केली, आणि १९५० नंतर ब्रिटनमधील फोर्ड गाड्यांतून ती रूढ झाली. शॉकअप आणि स्प्रिंग तीत एकाच खांबात गुंफलेले असतात; रचना आटोपशीर आणि स्वस्त, म्हणूनच लहान गाड्यांनी ती उचलली. परंतु या खांबात स्प्रिंग सदैव दाबून बसविलेली असते, चाक लोंबकळत असतानाही. लहान गाडीचे वजन ७०० किलोच्या आसपास धरले, तरी पुढच्या एकेका चाकावर सुमारे २०० किलोंचा भार येतो; तो पेलणारी ती स्प्रिंग असते. तिला जागेवर रोखून धरणारा नट म्हणजे बॉनेट उघडल्यावर वर दिसणारा मधला नट. स्प्रिंग आवळण्याच्या शिकंजाशिवाय तो सोडविला, तर ती तोफेच्या गोळ्याप्रमाणे उडते. समोर हात असो की चेहरा, तिला भेद नाही. बाजारात भाड्याने मिळणारे झिजलेल्या आट्यांचे शिकंजेही ऐनवेळी घसरतात.

यावर मधला मार्ग आहे. ज्यास मागील काम चांगले साधले आहे, त्याने पुस्तिकेनुसार पूर्ण स्ट्रट अखंड स्थितीत गाडीतून काढावा, मधल्या नटाला स्पर्श न करता. तो कारखान्यात न्यावा आणि स्प्रिंग उतरविण्या-चढविण्याचे काम तेथील यंत्रावर मिस्त्रीकडून करून घ्यावे. स्ट्रट बसविल्यावर ब्रेकची नळी आपल्या जागी आली की नाही हे पाहावे आणि चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे, कारण स्ट्रटचे बोल्ट सोडविले की चाकाचा कोन बदलतो. याहून सरळ मार्ग म्हणजे पुढचे काम संपूर्ण मिस्त्रीच्या स्वाधीन करणे. त्यात कमीपणा कसला?

हल्ली भ्रमणध्वनीवर चित्रफिती पाहून तरुण मंडळी कोणत्याही कामास हात घालतात. त्यांच्या उत्साहाचे कौतुकच वाटते. वडिलांच्या हाताखाली पाना धरणाऱ्या मुलास जे यंत्रज्ञान मिळते, ते पुस्तकातून मिळत नाही. पण चित्रफितीत काम करणाराच्या बोटांखालचा दाब दिसत नाही. तो मिस्त्रीस ठाऊक असतो, कारण त्याने वीस-पंचवीस वर्षे तोच दाब झेललेला असतो.

घरातील कर्त्या माणसाने येत्या रविवारी एवढेच करावे : गाडीचे चारही कोपरे दाबून पाहावेत, टायरवर हात फिरवावा आणि चाकाआड वाकून तेलाचा ओघळ शोधावा. दहा मिनिटांचे काम आहे. दोष मागे आढळला तर अंगण आहे, पुढे आढळला तर मिस्त्री आहे; आणि कोठेच आढळला नाही, तर मुलाबाळांना घेऊन निश्चिंत मनाने मुक्ताईच्या दर्शनास निघावे.