पद्मिनीच्या बॉनेटखाली

फियाटने 1937 साली इटलीत '508 सी' या गाडीसाठी 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन काढलं. बोअर 68 मिलिमीटर, स्ट्रोक 75. हीच मापं पुढे फियाट 1100 मध्ये आली आणि 1100 बरोबर मुंबईत कुर्ल्याला पोचली. तिथे वालचंद हिराचंद यांनी उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने 1964 पासून ही गाडी '1100 डिलाइट' म्हणून विकली आणि 1974 पासून 'प्रीमियर पद्मिनी' म्हणून. महायुद्धाच्या आधी आखलेलं इंजिन विसावं शतक सरेपर्यंत आपल्या रस्त्यांवर खडखडत राहिलं. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मर्यादा संपल्यामुळे ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस बाद झाली. आता ज्या पद्मिन्या उरल्या आहेत त्या हौशी मालकांकडे, आणि त्यांचं बॉनेट उघडलं की पहिला प्रश्न येतो तो या काळ्या, ओशट राडीचं करायचं काय.

सोपं उत्तर कोपऱ्यावरच्या वॉशिंग सेंटरवर मिळतं. गाडी रॅम्पवर चढवायची, डिझेलचा फवारा मारायचा, मग पाण्याची जोरदार धार, आणि शेवटी इंजिन काळंकुळकुळीत चमकावं म्हणून वरून काहीतरी तेलकट. बॉनेट उघडून मालक खूश होतो. गाडी मात्र सुरू होत नाही, आणि झालीच तर तीनच सिलिंडरवर धडधडत घरी येते. ही तक्रार इतकी सर्रास ऐकू येते, की जुन्या गाडीचं इंजिन कधी धुऊच नये असा काही मेकॅनिकांचा पक्का समज झाला आहे. मला तो पटत नाही. धुवावं, पण रॅम्पवरच्या पद्धतीने नव्हे.

नव्या गाडीचे बहुतेक कनेक्टर रबरी सीलचे असतात, प्रत्येक प्लगला वेगळी कॉइल असते. पद्मिनीत एकच कॉइल, आणि तिचा हजारो व्होल्टचा करंट चार प्लगना आळीपाळीने वाटायला एकच डिस्ट्रिब्युटर. गॅरेजमध्ये त्याला सगळे 'डेल्को'च म्हणतात. डेल्कोच्या बेकेलाइटच्या टोपीखाली रोटर, पॉइंट आणि कंडेन्सर. पॉइंटची फट जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. टोपीच्या आत ओल शिरली की करंट आपल्या वाटेने न जाता ओलीवरून सरपटत दुसरीकडे जातो आणि गाडी मिसिंग मारते. मुंबईच्या पावसात मिलन सबवेसारख्या ठिकाणी बंद पडलेली टॅक्सी, उघडं बॉनेट आणि डेल्कोची टोपी काढून सदऱ्याच्या टोकाने पुसणारा ड्रायव्हर हे दृश्य एका पिढीने पाहिलेलं आहे. वॉशिंग सेंटरची धार म्हणजे दोन मिनिटांत आणलेला तोच पाऊस, फक्त कितीतरी पट जोराचा.

पण धारेवर माझा मुख्य राग आहे तो वेगळ्याच कारणाने. ती पुरावा पुसून टाकते. बॉनेटखालची घाण ही गाडीची तब्येत सांगणारी नोंद असते आणि ती धुण्याआधी वाचायची असते. टॉर्च घ्यावा, फोनने चारही बाजूंनी फोटो काढावेत आणि मग डागांकडे बघावं. काळा, ओला, बोटाला चिकटणारा ओघळ टॅपेट कव्हरच्या कडेपासून खाली गेला असेल, तर कव्हरचं कॉर्कचं पॅकिंग गेलं आहे. ओघळ कुठे संपतो याला महत्त्व नाही, त्याचं वरचं टोक शोधायचं, कारण तेल खाली उतरतं आणि पंख्याच्या वाऱ्याने मागे पसरतं. होज पाइपच्या तोंडाशी पांढरी किंवा तांबूस खरपुडी साठली असेल तर तिथून रेडिएटरचं पाणी झिरपतं आणि गरम लोखंडावर वाळतं. ते गाडी थंड झाल्यावर दिसत नाही, खरपुडी मात्र राहते. पेट्रोलची गळती सगळ्यात फसवी, कारण पेट्रोल स्वतःच मळ धुऊन नेतं. सगळीकडे राप चढलेला असताना पेट्रोल पंपाखाली किंवा कार्बोरेटरच्या बुडाशी एखादाच पट्टा स्वच्छ, किंचित पिवळसर दिसला, तर आनंद मानू नये. ती जागा आधी दुरुस्त करायची, तोवर सफाई बंद. ब्रेक ऑइलच्या डबीखालचा रंग फुगून सोलला असेल तर दोष रंगाऱ्याचा नाही; ब्रेक ऑइल रंग खातं. बॅटरीच्या खोबणीत पांढरी-हिरवी पावडर आणि खाली गंज, म्हणजे ॲसिडने पत्रा खायला सुरुवात केली आहे.

हे सगळं एका कागदावर लिहून ठेवल्यावरच कामाला हात घालावा.

इंजिन हाताला सोसेल इतपत कोमट हवं. पार थंड असेल तर चिकटा सुटत नाही. तापलेलं असेल तर दोन धोके: बिडाच्या मॅनिफोल्डवर गार पाणी पडून तडा जाऊ शकतो, आणि अंगावर टाकलेलं सॉल्व्हंट पेट घेऊ शकतं. बॅटरीची अर्थची बाजू आधी सोडवायची. पद्मिनीत ती निगेटिव्ह, पण त्या काळच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असे, म्हणून वायर कुठे जाते ते डोळ्यांनी बघावं. अर्थ सुटलेली असली की दुसरी बाजू सोडताना पाना बॉडीला लागला तरी ठिणगी उडत नाही. बॅटरी शक्यतो बाहेरच काढावी आणि तिची बैठक खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी. बुडबुडे यायचे थांबले की ॲसिड संपलं. सोड्याचं पाणी बॅटरीच्या आत मात्र जाऊ द्यायचं नाही.

मग झाकाझाकी. डेल्को, कॉइल, डायनामो किंवा अल्टरनेटर, कार्बोरेटरचं तोंड, वायपरची मोटर, हॉर्न, फ्यूज, ब्रेक ऑइलची डबी. स्वयंपाकघरातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि रबरबँड पुरतात. तेल घालायचं झाकण आणि डिपस्टिक नीट बसली आहे ना ते बघावं. प्लग काढू नयेत, ते जागेवर असणं हेच सिलिंडरचं झाकण आहे. पिशव्या किती लावल्या ते मोजून ठेवावं, कारण विसरलेली एक पिशवी फॅन बेल्टात गेली की पुढचं वर्णन नको.

आता सॉल्व्हंट. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चाललं ते रॉकेल. ते आता सहज मिळत नाही, म्हणून गॅरेजवाले डिझेल वापरतात. डिझेल मळ काढतं हे खरं, पण मागे तेलाचा पापुद्रा ठेवतं. त्यावर आठवड्याभरात धूळ बसते, आणि जुने रबरी पाइप, बुश त्यात फुगून मऊ पडतात. त्यापेक्षा रंगाऱ्याचं मिनरल टर्पेंटाइन बरं: ब्रशावर थोडं घ्यायचं, गरज तिथेच लावायचं आणि लगेच पुसायचं. पेट्रोलने पुसणारे महाभाग आहेत. त्यांना काय सांगावं? पेट्रोलची वाफ गोठणबिंदूच्या खूप खालच्या तापमानालाही पेट घ्यायला तयार असते.

त्याहून कपटी गोष्ट म्हणजे कॉस्टिक. काही जहाल डिग्रीजरमध्ये कॉस्टिक सोडा असतो. बिडाच्या ब्लॉकला तो फारसं करत नाही. पण पद्मिनीचं हेड ॲल्युमिनियमचं, आणि कॉस्टिक ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर विरघळवून धातूला भिडतो, हायड्रोजनचे बुडबुडे येतात, पृष्ठभाग काळवंडतो. सोलेक्स कार्बोरेटरच्या धातूचंही तेच, तो तर मुळात नाजूक. काळवंडलेलं ॲल्युमिनियम मग वाळूने मारून घ्यावं लागतं आणि वाळूचा एखादा कण तेलाच्या वाटेत शिरला तर बेअरिंग गेलं. म्हणून डबीवर ॲल्युमिनियमला चालेल असं लिहिलेलं, पाण्यात मिसळणारं सौम्य डिग्रीजरच घ्यावं आणि आधी कुठल्यातरी नजरेआडच्या कोपऱ्यात लावून बघावं. पुष्कळदा भांडी घासायचं लिक्विड आणि कोमट पाणी एवढ्यावर निम्मं काम होतं.

हत्यारं साधी: जुने टूथब्रश, रंगाचा दोन इंची ब्रश, लाकडी पट्टी, कॉटन वेस्ट. जाड खपली पट्टीने खरवडायची, तारेचा ब्रश ॲल्युमिनियमला लावायचा नाही. एका वेळी वीतभर जागा, वरून खाली. धुवायला झाडांवर फवारायचा हातपंप, बारीक धार. रेडिएटरच्या जाळीत अडकलेली पाखरं-किडे मागच्या बाजूने पुढे ढकलायचे, पण हलक्या हाताने, कारण पातळ पात्या सहज दुमडतात. पन्नाशीच्या दशकातली गाडी असेल तर वायरींवर सुती वेणी असते. तिला सॉल्व्हंट लावायचं नाही, पाणीही नाही, फक्त कोरडा ब्रश. इंजिन नंबर, चॅसीची पट्टी आणि कारखान्यातली रंगाची खूण यांवरून हात जपून. जुन्या ब्रेक लायनरमध्ये, क्लच प्लेटमध्ये आणि एक्झॉस्टच्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचा, म्हणून तिथली सुकी धूळ हवा मारून उडवायची नाही. ओल्या फडक्याने टिपून पिशवीत बंद करायची. खाली पडणारं काळं पाणी गटारात सोडू नये. रुंद ट्रेमध्ये लाकडाचा भुसा पसरला की बरंचसं तेल तो पिऊन घेतो.

सुकवणं हा निम्मा उद्योग आहे आणि लोक कंटाळतात ते इथेच. कॉम्प्रेसरची हवा मिळाली तर प्लगच्या खळग्यांत आधी मारावी, नाहीतर प्लग काढताच साठलेलं पाणी सिलिंडरमध्ये. बॉनेट उघडं टाकून चांगलं दोन तास ऊन द्यावं. डेल्कोची टोपी काढून आतून कोरड्या फडक्याने पुसावी, बारीक काळ्या रेषेसारखा तडा आहे का बघावा. पिशव्या मोजून काढाव्यात, बॅटरी जोडताना अर्थ शेवटी. मग अंधार पडल्यावर इंजिन सुरू करून लांबूनच प्लगच्या वायरींकडे बघायचं. निळसर ठिणग्या वायरीवरून नाचताना दिसल्या तर ती वायर फुटली आहे. दिवसा ती तुम्हाला कधीच सापडली नसती. सैल बाह्या आणि हात पंख्यापासून दूर.

आता चमक किती हवी? परदेशी रिस्टोरर हल्ली उणे 78 अंशांच्या कोरड्या बर्फाच्या कणांनी महागड्या गाड्या साफ करतात. पाणी नाही, सॉल्व्हंट नाही, बर्फ उडून जातो. पद्धत सुरेख आहे. पण परिणाम बघताना मला कधीकधी शोरूममधला कापलेला नमुना आठवतो. कुर्ल्याहून निघालेल्या पद्मिनीचं इंजिन कधीच आरशासारखं नव्हतं. काळ्या चकचकीत रंगाचा हात मारलेलं, क्रोमच्या क्लिपा लावलेलं इंजिन जुन्या गाड्यांच्या जाणकाराला खटकतंच. केंद्र सरकारने 2021 मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी आणली. तिच्यात गाडी मूळ स्वरूपात असावी, चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नसावा अशी अट आहे. साफसफाईने मूळपण जात नाही, रंगाने आणि घासण्याने जातं.

धुतल्यानंतरच्या आठवड्यात सुरुवातीचा तो कागद परत काढायचा. रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा सरकवून सकाळी डाग बघायचे, बॉनेट रोज उघडून स्वच्छ धातूवर पहिला ओघळ कुठून निघतो ते टिपायचं. पुष्कळदा तो टॅपेट कव्हरचाच निघतो, आणि मग नट करकचून आवळायचा मोह होतो. आवळू नका. कॉर्क चेपून बाहेर येतं आणि गळती वाढते. नवं पॅकिंग घाला, दोन्ही कडा कोरड्या पुसून बसवा, नट हाताने टेकवून पान्याने थोडेथोडे आळीपाळीने घ्या, आणि गाडी पन्नासेक किलोमीटर फिरवून पुन्हा एकदा बघा.