रायपूरचं ऊन आणि स्वस्तातला टर्बो

कमी खर्चात ताकद वाढवायची तर टर्बो इंजिनासारखं सोयीचं यंत्र नाही. साध्या पेट्रोल इंजिनात जास्त हवा भरायची म्हणजे हेड आणि कॅमशाफ्टपर्यंत हात घालावा लागतो. टर्बोत इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा, म्हणजे ईसीयूचा, मॅप बदलून बूस्ट चढवला की फरक लगेच कळतो. चाकणला बनलेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय 2013 साली आली ती 1.2 लिटरचं इंजिन, 105 पीएस आणि 175 न्यूटन मीटर टॉर्क घेऊन. रीमॅप करणाऱ्यांची ती लाडकी झाली यात नवल नाही. पण रायपूरसारख्या शहरात पहिला रुपया मॅपवर खर्च करणं हा उलटा व्यवहार आहे. इथे इंजिनाची ताकद अडते ती उष्णतेपाशी.

हिशेब साधा आहे. मे महिन्यात रायपूरचा पारा 45 अंशांच्या आसपास जातो. 20 अंशांच्या हवेपेक्षा ही हवा सुमारे 8 टक्के विरळ असते. तेवढीच हवा सिलिंडरमध्ये घालायची तर टर्बोला जास्त फिरावं लागतं, आणि हवा दाबली की ती आणखी तापते. इंटरकूलर ती निववतो खरा, पण बाहेरच्या हवेपेक्षा थंड करणं त्याला शक्य नाही. तापलेल्या मिश्रणात ठिणगीनंतर उरलेला भाग आपोआप पेट घेतो, म्हणजे इंजिन नॉकिंग करू लागतं. नॉक सेन्सरला ते कळताच ईसीयू ठिणगी उशिरा टाकतो आणि पैसे देऊन मिळवलेली ताकद गुपचूप परत घेतो. जानेवारीच्या पहाटे सुसाट वाटणारा मॅप मे महिन्यात रिंग रोडच्या सिग्नलवरून निघताना मरगळतो, तो यामुळे.

म्हणून आधी स्वस्त आणि कंटाळवाणी कामं: योग्य हीट रेंजचे नवे स्पार्क प्लग, ताजं ऑइल आणि कूलंट, गळके बूस्ट पाइप बदलणं, इंटरकूलरच्या जाळीतली धूळ काढणं. धुळीचं तर इथे वेगळंच प्रकरण आहे. सिलतरा-उरल्याच्या स्पंज आयर्न कारखान्यांची काळी भुकटी छतांवर बसते, तशी एअर फिल्टरवरही. बॉनेटखाली उघडा लावलेला शंकूच्या आकाराचा फिल्टर आवाज झकास काढतो, पण आडोसा नसेल तर इंजिनाजवळची तापलेली हवाच ओढतो. माझ्या मते या गावात तो पैसे मोजून घेतलेला तोटा आहे.

यावर नेहमीचा आक्षेप असा की कंपनी मुद्दाम ताकद राखून ठेवते, ती मोकळी केली तर बिघडलं कुठे? यात तथ्य आहे. फोक्सवॅगनचं 1.0 टीएसआय युरोपात 95 पीएसमध्येही विकलं गेलं आणि 115 मध्येही. पण राखीव भागातला बराचसा याच कामासाठी असतो: कडक ऊन, भरलेली गाडी, चालू एसी, सुमार पेट्रोल. दुसरा युक्तिवाद चढ्या ऑक्टेनच्या पेट्रोलचा. त्यानं नॉकिंग आवरतं, ई20 मधल्या इथेनॉलनंही ऑक्टेन वाढतो. मात्र इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा सुमारे एक-तृतीयांश कमी, म्हणजे तेवढ्याच ताकदीला इंधन जास्त लागतं आणि मूळ पंप-इंजेक्टरची राखीव क्षमता आधीच खर्ची पडते. जुन्या गाड्यांचे रबरी भाग ई20 साठी बनलेले नसतात, हेही आहेच.

इंजिनानं सोसलं तरी पुढे गिअरबॉक्स आहे. जीटी टीएसआयचा कोरड्या क्लचचा सात गिअरचा डीएसजी 250 न्यूटन मीटरसाठी बनलेला. वाढीव टॉर्क त्याच्या जवळ नेला की उन्हातल्या वाहतुकीत आधी क्लचवर येतं, आणि त्याचं बिल रीमॅपच्या बजेटला सहज गिळतं. कायदाही आडवा येतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 परवानगीशिवाय कंपनीच्या मूळ स्वरूपात बदल करू देत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी नडतो, तो वेगळाच.

तरीही मॅप करायचाच असेल, तर तो मे महिन्यात, भर दुपारी, एसी चालू ठेवून तपासून घ्या. ओबीडी स्कॅनरवर आत जाणाऱ्या हवेचं तापमान आणि ठिणगीचं मागे ओढलेलं टायमिंग स्वतः पाहा, आणि ते दाखवायचं टाळणाऱ्या ट्यूनरला पैसे देऊ नका.