कॉम्प्लिमेंट सिस्टीम: टोकन हरवलेल्या रक्तपेशी

आज बोलायचंय कॉम्प्लिमेंटबद्दल. तारीफवालं नाही हो, रक्तातलं. तीसहून जास्त प्रथिनांची ही टीम, त्यातली बरीचशी यकृतात तयार होतात.

यातलं सी-3 नावाचं प्रथिन कुणी न सांगताही सतत थोडंथोडं सुरू होत राहतं आणि जवळ जे सापडेल त्याला चिकटतं. जंतू असो की आपलीच पेशी. मग एकामागून एक प्रथिनं जोडली जातात आणि शेवटी सी-5 ते सी-9 मिळून पेशीच्या आवरणाला चक्क भोक पाडतात. पाणी आत शिरतं, पेशी फुटते.

मग आपण जिवंत कसे? आपल्या पेशींवर सीडी-55 आणि सीडी-59 असतात म्हणून. पहिलं ही साखळी मध्येच तोडतं, दुसरं शेवटचं भोक पडू देत नाही. आमच्या कोडिंगच्या भाषेत, डिफॉल्ट 'हल्ला', टोकन दाखवलं तर सुटका.

पीएनएच या दुर्मिळ आजारात हे टोकनच हरवतं. अस्थिमज्जेतल्या एखाद्या मूळपेशीत पीआयजीए हे जनुक बिघडतं. हे जन्मजात नसतं, पुढे कधीतरी होतं. त्यामुळे टोकन पेशीवर अडकवून ठेवणारा हुकच बनत नाही. त्या मूळपेशीपासून तयार झालेल्या लाल पेशी मग रक्तातच फुटत राहतात. काहींना सकाळची लघवी कोलासारखी काळपट होते. आजाराच्या नावात 'रात्र' आहे, पण पेशी दिवसभर फुटतात; रात्रभर साठलेल्या लघवीत रंग गडद दिसतो इतकंच. खरी भीती गुठळ्यांची, अगदी यकृताच्या शिरांमध्येसुद्धा. पूर्वी या आजारात सगळ्यात जास्त मृत्यू त्यानेच व्हायचे.

2007 मध्ये अमेरिकेत एक्युलिझुमॅबला मंजुरी मिळाली. हे औषध सी-5 अडवतं, म्हणजे भोक पडायचंच थांबतं. गुठळ्यांचं प्रमाणही खूप खाली आलं. पण मेनिंगोकोकस हा जंतू मारायला शरीराला तेच भोक लागतं! औषध घेणाऱ्यांमध्ये त्या संसर्गाचा धोका दोन हजार पटींपर्यंत वाढतो. म्हणून शक्यतो दोन आठवडे आधी लस देतात. तरी लस पूर्ण कवच नाही. हे औषध चालू असताना ताप आला, डोकं दुखलं किंवा मान आखडली तर 'सकाळी बघू' चालत नाही, त्याच क्षणी हॉस्पिटल गाठायचं.

आणि सी-5 अडवलं तरी वरचं सी-3 चिकटतच राहतं. असा शिक्का बसलेल्या पेशी यकृत आणि प्लीहा गिळतात, त्यामुळे काहींचा अ‍ॅनिमिया राहतोच. म्हणून नवी औषधं साखळीत आणखी वर जातात. 2023 मध्ये मंजूर झालेलं इप्टाकोपॅन फॅक्टर बी अडवतं, आणि ते इंजेक्शन नाही, तोंडाने घ्यायची कॅप्सूल आहे. जंतूंचा धोका मात्र तिथेही आहे, लसी तिथेही लागतात.